श्राव्य सीडीचे अभिलेखीय जतन : ट्रॅक-माहितीच्या अचूक वाचनाचा प्रश्न

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात मेणाची नळकांडी, लाखेच्या तबकड्या, चुंबकीय फिती आणि कॉम्पॅक्ट डिस्क असे टप्पे येतात. यांपैकी शेवटच्या टप्प्याविषयी एक समज रूढ आहे. सीडीवरील ध्वनी मुळातच अंकीय असल्याने तिची राखीव प्रत काढणे म्हणजे संगणकात एखादी फाइल उतरवून घेण्याइतके सोपे काम, असा तो समज होय. तो अर्धाच खरा आहे. ध्वनी आणि त्या ध्वनीविषयीची माहिती या दोन गोष्टी तबकडीवर निरनिराळ्या पद्धतीने साठवलेल्या असतात. पहिलीला दोषनिवारणाचे भक्कम कवच लाभले आहे. दुसरीला ते नाही. त्यामुळे ध्वनी बिनचूक उतरला, तरी कोणती रचना कोठे सुरू होते, कोठे संपते आणि तिची ओळख काय, ही नोंद चुकीची राहण्याचा संभव असतो. अभिलेखागाराच्या दृष्टीने अशी प्रत सदोषच मानावी लागते.

भारतात या प्रश्नाला एक वेगळी पार्श्वभूमी आहे. पुस्तके व वृत्तपत्रे सार्वजनिक ग्रंथालयांकडे सुपूर्द करण्याबाबतचा १९५४ चा कायदा ध्वनिमुद्रणांना लागू होत नाही. साहजिकच, प्रकाशित झालेली प्रत्येक सीडी राष्ट्रीय ग्रंथालयात जमा झालेली असेल, अशी खात्री बाळगता येत नाही. हा ठेवा संगीत नाटक अकादमी, इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्र, आकाशवाणीचे संग्रहालय, १९८२ मध्ये स्थापन झालेले अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे लोकसंगीतविषयक अभिलेखागार, विद्यापीठे आणि असंख्य खाजगी संग्राहक यांच्याकडे विखुरलेला आहे. त्यातच १९९० नंतरच्या काळात अनेक संस्थांनी जुन्या फितींवरील मुद्रणे घरगुती पद्धतीने लिहिता येणाऱ्या सीडी-आर तबकड्यांवर उतरवली. अशा तबकड्या दीर्घकालीन जतनासाठी विश्वासार्ह नाहीत, असा स्पष्ट इशारा युनेस्कोने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात दिला होता. मूळ फीत नष्ट झाली असेल, तर ती सीडी-आरच आता मूळ प्रत ठरते. ती वाचण्याची संधी कदाचित एकदाच मिळेल.

तबकडीची अंतर्गत रचना

फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये श्राव्य सीडीचे मानक निश्चित केले. ते ‘रेड बुक’ या नावाने ओळखले जाते. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये पहिल्या सीडी व त्या वाजविणारी यंत्रे बाजारात आली. या मानकानुसार ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. डावी व उजवी अशा दोन वाहिन्या असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. एका सेकंदाचे ७५ समान भाग केलेले असून प्रत्येक भागास सेक्टर म्हणतात. ४४,१०० ला ७५ ने भागल्यास ५८८ येतात. म्हणजे एका सेक्टरमध्ये प्रत्येक वाहिनीचे ५८८ नमुने, एकूण २,३५२ बाइट बसतात. हे आकडे परीक्षार्थींनी पाठ करण्यापेक्षा एकदा कागदावर मांडून पाहणे अधिक उपयुक्त.

प्रत्येक सेक्टर ९८ छोट्या चौकटींचा बनलेला असतो. एका चौकटीत ध्वनीचे २४ बाइट, दोषनिवारणाचे ८ बाइट आणि एक बाइट नियंत्रणविषयक माहितीचा असतो. ध्वनीचे बाइट सलग न लिहिता दूरदूरच्या चौकटींत पसरवून लिहिले जातात. त्यामुळे तबकडीवर सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा ओरखडा असला, तरी गमावलेले अंक गणिताने जसेच्या तसे परत मिळतात. नियंत्रणाच्या बाइटला मात्र ही सोय नाही. त्यातील आठ बिटांपासून पी, क्यू, आर, एस, टी, यू, व्ही व डब्ल्यू अशा आठ उपवाहिन्या तयार होतात. पी केवळ विरामाची खूण दाखविते. ट्रॅक-माहितीचा खरा भार क्यू उपवाहिनी वाहते. दर सेक्टरमागे तिचे ९६ बिट मिळतात : ४ नियंत्रणाचे, ४ प्रकार दर्शविणारे, ७२ प्रत्यक्ष माहितीचे आणि १६ तपासणीचे. तपासणीच्या या बिटांना सीआरसी म्हणतात. सीआरसीमुळे चूक झाली आहे, एवढेच कळते. ती दुरुस्त करता येत नाही. या लेखाचा सारा विषय या एका मर्यादेतून उद्भवतो.

संगणकीय माहितीसाठीच्या सीडी-रॉमची गोष्ट वेगळी आहे. तेथे प्रत्येक सेक्टरच्या आरंभी १२ बाइटांची खूण आणि ४ बाइटांचा पत्ता असतो. श्राव्य सीडीच्या ध्वनी-सेक्टरमध्ये असा पत्ता नाही. आपण नेमके कोठे आहोत, हे यंत्राला क्यू उपवाहिनीवरूनच ठरवावे लागते. संगीत ऐकण्यासाठी एवढे पुरेसे होते आणि मानक त्याच हेतूने बनविले गेले होते. अभिलेखकाची गरज तेव्हा कोणाच्या नजरेसमोर नव्हती, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

अनुक्रमणिका काय सांगते आणि काय सांगत नाही

तबकडीच्या अगदी आतील कडेस ‘लीड-इन’ नावाचा भाग असतो. तेथील क्यू उपवाहिनीत संपूर्ण तबकडीची अनुक्रमणिका, म्हणजेच टीओसी, लिहिलेली असते. पहिल्या ट्रॅकचा क्रमांक, अखेरच्या ट्रॅकचा क्रमांक, प्रत्येक ट्रॅकचा आरंभ आणि कार्यक्रम जेथे संपतो तो बिंदू, एवढीच माहिती तिच्यात असते. या नोंदी पुन्हा पुन्हा लिहिलेल्या असल्याने दोषनिवारण नसतानाही अनुक्रमणिका सहसा अचूक वाचली जाते. सर्वसामान्य संगणकीय कार्यक्रम हीच वाचून थांबतात, आणि येथेच चूक होते.

प्रत्येक ट्रॅकमध्ये ० ते ९९ असे इंडेक्स असू शकतात. इंडेक्स १ म्हणजे ट्रॅकचा अधिकृत आरंभ. इंडेक्स ० म्हणजे त्याच्या आधीचा विराम. अनुक्रमणिकेत केवळ इंडेक्स १ ची नोंद असते. विराम कोठे सुरू होतो आणि ट्रॅकच्या पोटात आणखी इंडेक्स आहेत काय, हे तेथे लिहिलेले नसते.

एक उदाहरण पाहू. समजा, अनुक्रमणिकेनुसार पहिला ट्रॅक ००:०२:०० ला आणि दुसरा ०४:१५:३३ ला सुरू होतो. यातील शेवटचे दोन अंक शतांश सेकंद नसून सेकंदाचे पंचाहत्तरावे भाग आहेत. ३३ म्हणजे ०.४४ सेकंद. ही बाब न ओळखल्यामुळे पुष्कळ हस्तलिखित नोंदी बिघडतात. सेक्टरचा क्रमांक काढण्यासाठी मिनिटांचे सेकंद करून ७५ ने गुणावे, उरलेले भाग मिळवावेत आणि आरंभीच्या दोन सेकंदांचे १५० सेक्टर वजा करावेत. पहिल्या ट्रॅकचा क्रमांक शून्य येतो. दुसऱ्याचा (२५५ × ७५) + ३३ − १५० = १९,००८ येतो. म्हणजे पहिला ट्रॅक १९,००८ सेक्टरांचा, अर्थात ४ मिनिटे १३ सेकंद व ३३ भागांचा, आणि ४,४७,०६,८१६ बाइटांचा झाला.

आता क्यू उपवाहिनी सलग वाचली असता असे आढळले, की ०४:१२:३३ लाच ट्रॅकचा क्रमांक ०२ आणि इंडेक्स ०० झाला आहे. याचा अर्थ पहिली रचना प्रत्यक्षात तीन सेकंद आधीच संपली असून मधले २२५ सेक्टर दुसऱ्या ट्रॅकचा विराम आहेत. जुन्या सीडी-प्लेअरच्या पडद्यावर दोन गाण्यांमध्ये उणे चिन्हासह उलट मोजणी दिसत असे, ती हीच.

तीन सेकंदांच्या शांततेने काय बिघडते, असा प्रश्न विचारला जाईल. निव्वळ शांतता असेल तर फारसे बिघडत नाही. परंतु मैफलींच्या मुद्रणांत विरामाच्या या पट्ट्यात टाळ्या, तंबोऱ्याची जुळवाजुळव किंवा पुढील रागाची घोषणा असू शकते. प्रचलित कार्यक्रम विराम मागील ट्रॅकला जोडतात. परिणामी, घोषणा एका फाइलच्या शेपटीला आणि राग दुसऱ्या फाइलमध्ये, अशी फाटाफूट होते. काही कार्यक्रम तर विराम टाकूनच देतात. मग ती घोषणा कायमची नाहीशी होते. विलंबित ख्याल आणि द्रुत बंदीश एकाच ट्रॅकमध्ये ठेवून त्यांची सीमा इंडेक्स २ ने दर्शविली असेल, तर अनुक्रमणिकेवर विसंबणाऱ्याला ती सीमा कधीच कळणार नाही. पहिल्या ट्रॅकच्या आधीही ध्वनी असू शकतो. अनुक्रमणिकेत पहिला ट्रॅक ००:०२:०० ऐवजी, उदाहरणार्थ, ००:३२:०० ला सुरू होत असेल, तर मधल्या तीस सेकंदांचा भाग स्वतंत्रपणे वाचून पाहणे आवश्यक ठरते.

क्यू उपवाहिनीचे सलग वाचन

यावर उपाय एकच आहे : तबकडी आरंभापासून अखेरपर्यंत, एकही सेक्टर न गाळता, क्यू उपवाहिनीसह वाचणे. सीडीआरडीएओ किंवा एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी यांसारख्या कार्यक्रमांत विराम व इंडेक्स शोधण्याची सोय आहे. पहिला लिनक्सवर आणि दुसरा विंडोजवर प्रामुख्याने वापरला जातो. तथापि कार्यक्रमापेक्षाही सीडी-ड्राइव्हची गुणवत्ता अधिक महत्त्वाची असते. काही ड्राइव्ह क्यूचे बिट अपक्व स्वरूपात जसेच्या तसे देतात, काही स्वतःच उकलून देतात. मानकानुसार हे अंक दशमान-संकेतात असतात. काही ड्राइव्ह मात्र ते द्विमान संख्येत बदलून पुरवितात. हा फरक ध्यानात न घेतल्यास दहाव्या ट्रॅकपासून पुढचे क्रमांक चमत्कारिक दिसू लागतात. काही ड्राइव्हमध्ये ध्वनी आणि क्यू यांच्यात एक-दोन सेक्टरांची तफावत पडते. म्हणून ज्या तबकडीची माहिती आधीपासून नक्की ठाऊक आहे, अशा एका तबकडीवर ड्राइव्ह पारखून घ्यावा आणि मगच तो कामाला लावावा.

वाचलेल्या प्रत्येक सेक्टरची सीआरसी तपासली पाहिजे. ती जुळत नसेल तर तो सेक्टर विश्वासार्ह नाही आणि त्याच्या आधारे सीमा ठरविता कामा नये. सुदैवाने क्यूमध्ये दोन घड्याळे एकाच वेळी चालतात. एक संपूर्ण तबकडीच्या आरंभापासूनचा काळ मोजते, दुसरे चालू ट्रॅकचा. पहिले दर सेक्टरला एकेने वाढते. दुसरे विरामात उलट चालते आणि शून्यावर येऊन पुन्हा पुढे निघते. त्यामुळे एखादा सेक्टर खराब निघाला, तरी मागच्या-पुढच्या सेक्टरांवरून त्याचे स्थान अनुमानता येते. येथे एक बारकावा आहे. शंभर सेक्टरांत किमान एकदा क्यूमध्ये काळाऐवजी ओळख-संकेत लिहिण्याची तरतूद असून, त्या सेक्टरमध्ये ट्रॅक व इंडेक्सचे क्रमांक नसतात. इंडेक्सचा बदल नेमका अशा सेक्टरवर आला, तर तो शेजारच्या घड्याळांवरूनच ठरवावा लागतो. अनुमानाने ठरविलेल्या सीमेची नोंद ‘अनुमानित’ अशीच व्हावी. ती वाचलेली म्हणून दाखविणे हा अभिलेखीय शिस्तीचा भंग होय.

प्रत्येक ड्राइव्ह ध्वनीचे वाचन ठराविक नमुन्यांनी पुढे किंवा मागे सरकवून करतो. या ‘ऑफसेट’चे प्रमाण ड्राइव्हच्या प्रतिकृतीनुसार काही नमुन्यांपासून काही शेकड्यांपर्यंत असते. कानाला तो जाणवत नाही. पण दुरुस्ती न केल्यास तबकडीच्या एका टोकाचे तेवढे नमुने सुटतात आणि दोन संस्थांनी एकाच सीडीच्या काढलेल्या प्रती अंकशः जुळत नाहीत. अ‍ॅक्युरेटरिप या माहितीकोशात जगभरातील वापरकर्त्यांच्या वाचनांच्या तपासणी-संख्या साठविलेल्या असून त्यांच्याशी आपले वाचन ताडून पाहता येते. मर्यादित प्रतींत निघालेल्या भारतीय सीडींच्या बाबतीत तेथे नोंद सापडेलच असे नाही. अशा वेळी दोन भिन्न बनावटीच्या ड्राइव्हवर वाचन करून ते जुळविणे हाच भरवशाचा मार्ग होय.

ओळख-संकेत आणि नावे

क्यू उपवाहिनीत दोन संकेत असू शकतात. एक १३ अंकी सूची-क्रमांक. तो सामान्यतः वेष्टनावरील बारकोडशी जुळतो आणि भारतात नोंदलेल्या बारकोडचा आरंभ ८९० ने होतो. दुसरा आयएसआरसी, म्हणजे प्रत्येक मुद्रणाला दिलेला १२ चिन्हांचा आंतरराष्ट्रीय संकेत. त्यातील वर्षाचे दोन अंक मुद्रणाचे वर्ष दाखवितात असे अनेकजण गृहीत धरतात. वस्तुतः ते संकेत दिला गेल्याचे वर्ष असते. जुन्या मैफलीची सीडी १९९८ मध्ये निघाली, तर संकेतात ९८ असणे स्वाभाविक आहे. आयएसआरसीच्या वाचनात आणखी एक दोष वारंवार आढळतो. काही ड्राइव्ह ट्रॅक ओलांडताना मागील ट्रॅकचाच संकेत पुन्हा सादर करतात. लागोपाठच्या दोन ट्रॅकना एकच संकेत दिसल्यास तो संशयास्पद समजून प्रत्येक ट्रॅकच्या मध्यभागातील अनेक सेक्टरांवरून पडताळून घ्यावा.

रचनांची नावे मूळ रेड बुकमध्ये नव्हतीच. १९९६ मध्ये आलेल्या सीडी-टेक्स्ट या पुरवणीने ती सोय केली, पण तिच्या लिपी-संकेतांत देवनागरीसह कोणत्याही भारतीय लिपीला स्थान मिळाले नाही. त्यामुळे भारतीय सीडीवर सीडी-टेक्स्ट असलेच, तर ते रोमन लिपीत असते. मग एकच राग चार तबकड्यांवर चार वर्णलेखनांनी भेटतो. इंटरनेटवरील माहितीकोशांतून नावे आपोआप भरून घेण्याची सवय याहून घातक आहे. फ्रीडीबी ही सेवा २०२० मध्ये बंद झाली. तिची ओळख-संख्या ट्रॅकच्या आरंभाचे केवळ पूर्ण सेकंद विचारात घेत असल्यामुळे दोन निराळ्या तबकड्यांना एकच संख्या लाभण्याचा संभव होता. म्युझिकब्रेन्झची पद्धत सेक्टरपर्यंत अचूक आहे. तथापि नावे भरणारे तेथेही स्वयंसेवकच असतात. अभिलेखागाराने नावे वेष्टनावरून घ्यावीत, वेष्टनाची छायाप्रत सोबत ठेवावी आणि देवनागरी रूप युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे नोंदवावे, हे इष्ट. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२अ नुसार मुद्रण व त्याचे वेष्टन यांवर निर्मात्याचे व हक्कधारकाचे नाव-पत्ते आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापणे बंधनकारक असल्याने वेष्टन हाही एक दस्तऐवजच ठरतो.

दोन विशेष सापळे

क्यूच्या चार नियंत्रण-बिटांपैकी एक ‘प्री-एम्फसिस’ची खूण असतो. आरंभीच्या काळातील काही सीडींवर उंच स्वर मुद्दाम वाढवून लिहिले जात. खूण दिसली की प्लेअर ते पुन्हा उतरवीत असे. संगणकातील फाइलला ही खूण आपोआप चिकटत नाही, आणि ती हरवली तर प्रत कायम कर्कश वाजते. गुंतागुंत अशी, की काही तबकड्यांच्या अनुक्रमणिकेत ही खूण नसून केवळ ट्रॅकच्या क्यूमध्ये असते. म्हणून दोन्हीकडे पाहावे. मूळ प्रतीत ध्वनी जसा आहे तसाच ठेवून खुणेची नोंद करावी. स्वरांची दुरुस्ती ऐकण्याच्या प्रतीपुरती मर्यादित असावी.

दुसरा सापळा संगीताबरोबर संगणकीय माहितीही असलेल्या सीडींचा. त्यांत ध्वनी पहिल्या सत्रात आणि माहिती दुसऱ्या सत्रात असते. दोन सत्रांमध्ये ११,४०० सेक्टरांचे, म्हणजे २ मिनिटे ३२ सेकंदांचे अंतर असते. पुढच्या ट्रॅकच्या आरंभातून मागच्याचा आरंभ वजा करण्याची वर दिलेली रीत येथे वापरली, तर अखेरचा श्राव्य ट्रॅक अडीच मिनिटांनी लांबतो. त्यासाठी प्रत्येक सत्राचा शेवट दर्शविणारी पूर्ण अनुक्रमणिका वाचावी लागते.

घरगुती सीडी-आरवर आढळणारी दोन सेकंदांची शांतता मात्र बहुधा कलावंताची नसते. एकेक ट्रॅक स्वतंत्रपणे लिहिण्याच्या पद्धतीत ती आपोआप पडते. तिला मैफलीचा भाग मानून तिचा अर्थ लावत बसण्याचे कारण नाही.

नोंद कशी ठेवावी

ट्रॅकनिहाय तुकडे करण्याऐवजी संपूर्ण तबकडीची एकच अखंड ध्वनी-फाइल ठेवणे आणि सीमा स्वतंत्र मजकूर-फाइलमध्ये नोंदविणे अधिक सुरक्षित असते. ‘क्यू-शीट’ या प्रचलित स्वरूपात इंडेक्स, सूची-क्रमांक, आयएसआरसी व प्री-एम्फसिसची खूण यांना जागा आहे. उच्चारसाम्य असले तरी हे नाव आणि क्यू उपवाहिनी यांचा परस्परसंबंध नाही. आंतरराष्ट्रीय ध्वनी व दृक्-श्राव्य अभिलेखागार संघटनेच्या २००४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत वेव्ह व त्यावर आधारित ब्रॉडकास्ट वेव्ह स्वरूपाची शिफारस आहे. सीडीचा मूळ दर ४४,१०० असताना तो वाढवून ४८,००० करण्याने काहीही साधत नाही. ध्वनी-फाइलबरोबर क्यू उपवाहिनीचे अपक्व वाचनही साठवावे. एका तबकडीमागे हा मजकूर ध्वनीच्या तुलनेत नगण्य असतो : सेक्टरमागे २,३५२ बाइट ध्वनीचे आणि अवघे १२ बाइट क्यूचे. आज लावलेला अर्थ उद्या चुकीचा ठरला, तर तबकडी हाती नसतानाही तो पुन्हा तपासता येतो. ड्राइव्हची प्रतिकृती, लावलेला ऑफसेट, कार्यक्रमाची आवृत्ती, वाचनाची तारीख, सीआरसी न जुळलेल्या सेक्टरांची संख्या आणि फाइलची तपासणी-संख्या यांशिवाय ही नोंद पूर्ण होत नाही. सांस्कृतिक मंत्रालयाच्या योजनेखाली इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात उभारलेल्या राष्ट्रीय सांस्कृतिक दृक्-श्राव्य अभिलेखागारास २०१७ मध्ये आयएसओ १६३६३ या मानकाचे प्रमाणपत्र मिळाले. कोणत्याही वस्तूचा उगम आणि तिच्यावरील प्रत्येक प्रक्रिया पुराव्यानिशी दाखविता यावी, ही त्या मानकाची एक प्रमुख अपेक्षा आहे.

कायद्याची बाजू

भारतात ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. सीडीचा जन्मच १९८२ चा असल्याने सीडीवर प्रथमच प्रकाशित झालेले कोणतेही मुद्रण अद्याप मुक्त झालेले नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये जतनासाठी एक सवलत समाविष्ट करण्यात आली. तिच्या शब्दांनुसार, अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची अंकीय नसलेली प्रत असेल, तर ते ग्रंथालय ती कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवू शकते. फीत किंवा लाखेची तबकडी या व्याख्येत बसते. सीडी अंकीय असल्याने या सवलतीच्या शब्दांत बसत नाही. त्यामुळे सीडींच्या राखीव प्रती काढणाऱ्या ग्रंथालयांना हक्कधारकाची लेखी परवानगी घेऊन ती प्रतीच्या नोंदीस जोडून ठेवावी लागते.